गावातला पार्सल पॉइंट: जागा, वही आणि पैसे नीट कसे लावायचे

तालुक्याहून निघालेली पार्सलची गाडी प्रत्येक वाडी-वस्तीवर जात नाही. डिलिव्हरीवाला फाट्यावरच्या दुकानात पाच-दहा पार्सलं टाकतो, ज्याला त्याला फोन लावून "घेऊन जा" म्हणतो आणि पुढच्या गावाला लागतो. म्हणजे पार्सल पॉइंट बऱ्याच गावांत आधीपासून आहेच. नसते ती नोंद, आणि पार्सल हरवलं तर जबाबदार कोण, हे ठरलेलं नसतं. पुढची माहिती असा पॉइंट रीतसर चालवू पाहणाऱ्या दुकानदारांसाठी आणि बचत गटांसाठी आहे. मधला पत्त्याचा भाग मात्र पार्सल मागवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.

आधी फायद्याचं गणित. डांबरी रस्त्यापासून सरासरी तीन किलोमीटर आत पाच वस्त्या आहेत आणि प्रत्येकीचं एखाद-दुसरं पार्सल आहे असं धरा. प्रत्येक वस्तीवर जाऊन परत रस्त्याला यायचं तर तीस किलोमीटर होतात आणि कच्च्या वाटेने दीड-दोन तास जातात. एवढं करून दार बंद, कारण माणसं रानात. दोन-तीन फेऱ्यांत कोणी भेटलं नाही की पार्सल परत विक्रेत्याकडे जातं. विक्रेत्याला दोन्ही बाजूंचा वाहतूक खर्च बसतो, आणि ज्या पिनकोडवरून असा माल वारंवार परत येतो तिथे काही विक्रेते 'पैसे डिलिव्हरीच्या वेळी' ही सोयच बंद करतात. एका घराच्या बंद दाराची किंमत मग अख्ख्या पिनकोडला मोजावी लागते. एका ठिकाणी सगळी पार्सलं उतरली तर गाडीची पंधरा मिनिटं जातात आणि माणूस रानातून आल्यावर सवडीने घेऊन जातो. दुकानदाराला हाताशी धरून माल पोचवायची कल्पना कंपन्यांनाही नवी नाही. ॲमेझॉनने २०१५ मध्ये 'आय हॅव स्पेस' नावाने किराणा दुकानदारांना दोन ते चार किलोमीटरच्या टापूतली पार्सलं द्यायला सुरुवात केली, आणि पुढे फ्लिपकार्टनेही किराणा दुकानांना असंच जोडून घेतलं.

जागा कोणती

फाट्यावरचं दुकान गाडीला सोयीचं असतं, पण गावापासून लांब पडतं. म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना तिथवर जायचं म्हणजे वेगळी खेप. ग्रामपंचायतीची खोली रिकामी असली तरी ती उघडी कधी सापडेल याचा भरवसा नाही. रेशन दुकान महिन्यातले काही दिवसच गजबजतं. आमच्या मते सगळ्यांत चांगली जागा म्हणजे दूध संकलन केंद्र किंवा त्याला लागून असलेलं दुकान. जनावरं असलेल्या घरातलं कोणी ना कोणी तिथे सकाळ-संध्याकाळ येतंच, आणि पार्सल नेण्यासाठी वेगळी चक्कर पडत नाही. अडचण एकच, ओल. केंद्राची फरशी दिवसातून दोनदा धुतली जाते, त्यामुळे पार्सलं त्याच खोलीत ठेवू नका. शेजारची कोरडी खोली घ्या. दूध नसलेल्या भागात मधल्या आळीतलं, रात्री आठपर्यंत उघडं असणारं किराणा दुकान चालतं.

रोज वीस-पंचवीस पार्सलं येत असतील तर दहा बाय दहाची खोली भरपूर होते. एवढीही जागा नसेल तर गल्ल्यामागे, गिऱ्हाइकाचा हात पोचणार नाही असा एक कोपरा पुरे. सामान असं लागतं:

- लोखंडी अँगलचा रॅक, सहा फूट उंच, तीन फूट रुंद, पाच कप्प्यांचा. वीस-पंचवीस पार्सलांना एक पुरतो, पण सणासुदीला दुसरा लागतो. खालचा कप्पा जमिनीपासून किमान सहा इंच वर आणि रॅक भिंतीपासून चार इंच सुटा ठेवा.
- तीस किलोपर्यंतचा वजनकाटा. किराण्याचा असेल तर तोच चालेल.
- दोनशे पानी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, काळे मार्कर, शाईचा पॅड.
- बऱ्या कॅमेऱ्याचा स्मार्टफोन आणि दोन कंपन्यांची सिमकार्डं. एकाची रेंज गेली तर दुसरं कामी येतं.
- पॉवर बँक किंवा इन्व्हर्टर. वीज जाते ती नेमकी संध्याकाळी, माणसं पार्सल न्यायला येतात तेव्हा.
- कुलपाचा पत्र्याचा डबा, फक्त पार्सलच्या पैशांसाठी.

उंदरांकडे दुर्लक्ष करू नका. किराण्यात धान्य असतं म्हणून उंदीर असतात, आणि बियाण्याचं किंवा खाऊचं पार्सल ते एका रात्रीत फोडतात. अशी पार्सलं झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. कीटकनाशकाची बाटली असलेलं खोकं सगळ्यांत खालच्या कप्प्यात, खाण्याच्या मालापासून लांब आणि उभं ठेवा. आडवं ठेवलं की टोपण झिरपतं आणि वास सगळ्या रॅकला लागतो. कोकणात जून ते सप्टेंबर पुठ्ठा हवेनेच मऊ पडतो, तेव्हा खोकी एकावर एक तीनपेक्षा जास्त रचू नका आणि रॅकवर रात्री प्लॅस्टिकचा कागद टाका.

काय ठेवून घ्यायचं नाही, तेही पहिल्या दिवशीच ठरवा. पंचवीस किलोच्या वरचं खोकं, टीव्ही, फ्रिज आणि थंड ठेवावं लागणारं औषध पॉइंटवर नको. टीव्ही-फ्रिज खोलून तपासून घ्यायचे असतात, ते थेट घरीच जावेत. इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं आणि किराण्याच्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये तेवढं तापमान टिकेलच असं नाही.

पार्सल उतरवताना

गाडीवाला घाईत असतो आणि बहुतेक गफलती याच दहा मिनिटांत होतात. पार्सलं मोजा आणि त्याच्या यादीतल्या आकड्याशी ताळा घाला. त्याच्या फोनवर सही किंवा ओटीपी द्यायचा तो मोजणी झाल्यावरच. सतरा पार्सलं म्हणून सही केली आणि रॅकवर सोळाच निघाली, तर सतरावं तुमच्या नावावर.

प्रत्येक पार्सलच्या सहाही बाजू बघा. टेप दोनदा लावलेली, कोपरा दबलेला, खोकं ओलं, आतून काही खुळखुळतंय असं दिसलं तर गाडीवाल्यासमोरच फोटो काढा आणि रजिस्टरात 'बाहेरून फाटलेलं' असं लिहून त्याची सही घ्या. सही करायला तयार नसेल तर ते पार्सल घेऊ नका. संकोच करायचं कारण नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १५१ सांगतं, की दुसऱ्याची वस्तू ताब्यात ठेवून घेणाऱ्याने, समंजस माणूस स्वतःच्या तशा वस्तूची घेईल तितकी काळजी घेतली पाहिजे. वस्तू तुमच्याकडे येतानाच मोडकी होती हे दाखवायला तो फोटो लागतो.

मग क्रमांक. सोपी पद्धत म्हणजे तारीख आणि त्या दिवसाचा अनुक्रम. चौदा तारखेचं सातवं पार्सल '१४/७'. मार्करने खोक्याच्या दोन बाजूंना मोठं लिहा, म्हणजे रॅकवर कसंही ठेवलं तरी दिसतं. रॅकवर वाडीप्रमाणे लावावं की तारखेप्रमाणे, यावर दुकानदारांची दोन मतं असतात. तारखेप्रमाणे लावावं असं आमचं मत. वाडीप्रमाणे लावलं की जुनं पार्सल नव्याखाली दबतं आणि परत पाठवायची मुदत उलटून जाते. तारखेचा कप्पा बघितला की शिळं पार्सल आपोआप डोळ्यांत भरतं.

रजिस्टरात एका ओळीत एवढं हवं: क्रमांक, आल्याची वेळ, कंपनी, ट्रॅकिंग नंबरचे शेवटचे पाच आकडे, पूर्ण नाव आणि वाडी, मोबाइलचे शेवटचे चार आकडे, घ्यायची रक्कम, पार्सलची अवस्था, नेल्याची तारीख, नेणाऱ्याचं नाव आणि सही किंवा अंगठा. कंपनीच्या ॲपमध्ये हे सगळं असतं, मग वही कशाला, असं विचारलं जातं. ॲपमध्ये 'कोणी नेलं' हे नसतं, आणि गावातली निम्मी भांडणं त्यावरच होतात. शिवाय तीन कंपन्यांची तीन ॲपं असतात, वही एकच.

कळवणं

पार्सल रॅकवर गेलं की लगेच निरोप द्या: "तुमचं पार्सल आलंय, क्रमांक १४/७, द्यायचे ४९९, रात्री ८ पर्यंत." गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याद्या किंवा लेबलचे फोटो टाकू नका. लेबलवर नाव, फोन नंबर आणि पुष्कळदा आतली वस्तूही छापलेली असते, आणि कोणी काय मागवलं याची चर्चा पारावर झाली की बायका त्या पॉइंटवर पार्सल मागवणं बंद करतात. ब्रॉडकास्ट यादीही इथे फसते, कारण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला तो निरोप पोचतच नाही. एकेकाला निरोप द्या. साध्या फोनवाल्याला मिस्ड कॉल नको, बोला.

पहिल्या दिवशी निरोप, तिसऱ्या दिवशी फोन, पाचव्या दिवशी शेवटचा फोन. त्यानंतर कंपनीने ठरवलेल्या दिवशी परत. ही मुदत कंपनीगणिक वेगळी असते, ती करारात लेखी घ्या आणि दुकानात फळ्यावर लावा. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या उरलेल्या पार्सलांना एकदा फोन करा. लांबच्या वाडीतली माणसं बाजाराला येतातच.

देताना क्रम चुकवू नका

क्रम असा: नाव आणि क्रमांक विचारा, लेबलशी जुळवा, पैसे घ्या, ओटीपी घ्या, सही घ्या, मग पार्सल हातात द्या. पैशांच्या आधी ओटीपी टाकला की कंपनीच्या हिशेबात पार्सल पोचलं आणि रक्कम तुमच्याकडे बाकी दिसू लागते. गिऱ्हाईक म्हणालं "पाकीट घरी राहिलं, उद्या देतो", की ती रक्कम संध्याकाळी तुमच्या खिशातून जाते. किराण्याची उधारी वेगळी. पार्सलवर उधारी अजिबात नाही, मग समोर सरपंच असो की सख्खा मेव्हणा. वरच्या क्रमाला अपवाद एकच, ॲपमध्ये खोलून बघायची सोय दाखवलेली पार्सलं. ती गिऱ्हाइकाने उघडून पाहिल्यावरच ओटीपी घ्यायचा. इतर पार्सलं पैसे देण्याआधी उघडता येत नाहीत, आणि दुकानदाराने तर कुठलंच पार्सल उघडायचं नाही.

नावांचा घोळ खरा त्रास देतो. एका भावकीच्या गावात आडनाव एकच, आणि 'संतोष' नावाचे चौघे. नाव आणि आडनाव जुळलं म्हणून देऊ नका. वडिलांचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे जुळले पाहिजेत. दुसऱ्याच्या वतीने न्यायला आलेल्याला त्याच्यासमोर मालकाला फोन लावून विचारा आणि रजिस्टरात 'अमुकच्या सांगण्यावरून' असं लिहा. शाळकरी मुलांच्या हाती पैसे द्यायचं पार्सल देणं टाळा.

ओटीपीची दुसरी गोष्ट. मुलगा पुण्या-मुंबईला, ऑर्डर त्याने केलेली, पार्सल आई-वडिलांना. ओटीपी जातो मुलाच्या फोनवर, आणि तो असतो कामावर. म्हातारा माणूस दोन किलोमीटर चालत येऊन हात हलवत परत जातो. त्यावर उपाय हा, की निरोप दोन्ही नंबरांवर द्यायचा आणि आई-वडील घरातून निघायच्या आधी मुलाने ओटीपी त्यांना सांगून ठेवायचा. रेंजमुळे ओटीपी येत नसेल तर ॲपमधून पुन्हा पाठवा. तरी आला नाही तर पार्सल उद्यावर ढकला, पण ओटीपीशिवाय देऊ नका. आणि गावात सगळ्यांना सांगून ठेवा, की पार्सल समोर दिसत नसताना फोनवरून कोणी ओटीपी मागितला तर तो चोर. 'तुमचा पत्ता अपुरा आहे, या लिंकवर थोडे पैसे भरा' असे पोस्टाच्या नावाने येणारे मेसेजही खोटेच. कोणी फसलं असेल तर लगेच १९३० वर फोन करा.

न मागवलेली पार्सलंही येतात, पाचशे-सहाशे रुपये द्यायची. घरातली बाई समजते नवऱ्याने मागवलं, नवरा समजतो मुलाने. निरोप देतानाच "मागवलं होतं ना?" असं विचारा. नाही म्हणाले तर 'नाकारलं' अशी नोंद करून दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत.

पैसे

पार्सलची रोकड गल्ल्यात मिसळू नका. वेगळा डबा, दिवसअखेर रजिस्टरच्या रकमांशी जुळवणी, आणि दुसऱ्या दिवशी भरणा. कंपनीच्या ॲपमध्ये प्रत्येक पार्सलचा क्यूआर कोड निघत असेल तर तोच दाखवा. पैसे थेट कंपनीला जातात आणि रोकड सांभाळायची कटकट राहत नाही. स्वतःच्या क्यूआरवर घेतलेत तर गिऱ्हाइकाच्या फोनवरचा हिरवा टिकमार्क पुरावा मानू नका, तसली बनावट ॲपं फिरतात. तुमच्या साउंडबॉक्सने बोलायला हवं किंवा खात्यात रक्कम दिसायला हवी.

मोबदला परवडतो का, ते वेळेवरून काढा. उतरवून नोंद करायला एक मिनिट, निरोपाला एक, द्यायला अडीच. म्हणजे एका पार्सलला साडेचार मिनिटं. वीस पार्सलांना दीड तास. कंपनी पार्सलमागे आठ रुपये देते असं धरलं तर दीड तासाचे एकशे साठ. याशिवाय पार्सलला आलेला माणूस तेल-साबण घेऊन जातो, तो फायदा वेगळा. रोज पाचच पार्सलं येत असतील तर मोबदल्यासाठी नव्हे, गिऱ्हाइकीसाठी पॉइंट चालवा. कंपनी पैसे देत असेल तर गिऱ्हाइकाकडून वर घेऊ नका. कंपनीशी करार नसेल आणि तुम्ही पाच-दहा रुपये घेणार असाल, तर तसा फलक लावा. कागदपत्रांत पॅन, बँक खातं आणि शॉप ॲक्टची नोंद लागते. मोजके कामगार असलेल्या छोट्या दुकानाला महाराष्ट्रात ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते. करारात चार गोष्टी शोधा: पार्सलमागे दर, हरवल्यास भरपाईची कमाल रक्कम, रोकड भरायची मुदत, आणि करार मोडायची पूर्वसूचना.

पत्ता असा लिहा

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, पण तो गावाचा नसतो, वाटप करणाऱ्या पोस्टाचा असतो. एका पिनकोडखाली अनेक गावं येतात. पार्सलची वर्गवारी पिनवर होते, गावाच्या नावावर नाही. वडगाव, नांदगाव, पिंपळगाव राज्यात किती आहेत ते सांगायला नको. पिन चुकला की पार्सल दुसऱ्या जिल्ह्यातल्या वडगावला फिरून येतं. आपला पिन गावच्या शाखा डाकपालाला विचारून खात्री करा.

पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दुसऱ्या ओळीत 'द्वारा' लिहून दुकानाचं नाव आणि जवळची ठळक खूण, उदाहरणार्थ 'दूध केंद्राशेजारी'. मग मु., पो., ता., जि. आणि पिन. दुसरा मोबाइल नंबर पत्त्याच्या ओळीतच टाका, कारण पर्यायी नंबराचा रकाना डिलिव्हरीवाल्याला दिसेलच असं नाही. गावाच्या पिनवर खासगी कुरिअर येत नसेल तर बाजाराच्या गावातल्या पॉइंटचा पूर्ण पत्ता द्या, पिनसकट. गाव आपलं आणि पिन शेजारचा अशी खिचडी केली की पार्सल दोन्हीकडे भटकतं. डाक विभागाने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन, म्हणजे जागेचा डिजिटल पत्ता, दहा अक्षरांचा असून साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. दुकानाचा डिजिपिन काढून फलकावर लिहून ठेवा, नव्या गाडीवाल्याला उपयोगी पडेल.

खासगी गाडी कुठेच येत नसेल तर शाखा डाकघर आहेच. ते दिवसातून चार-पाच तासच उघडं असतं, तेव्हा वेळ विचारून जा, आणि मागवतानाच विक्रेत्याला स्पीड पोस्टने पाठवायला सांगा. ट्रॅक्टरचा सुटा भाग शहरातून आजच्या आज हवा असेल तर एसटीचं पार्सल बरं पडतं. आगारात रीतसर बुक करून पावती घ्या. चालकाच्या हाती तसंच दिलेलं हरवलं तर दाद मागायला जागा नसते.

परत पाठवायचं असेल तर

इथे बिननोंदीचा पॉइंट गिऱ्हाइकाला सगळ्यांत महाग पडतो. डिलिव्हरीवाला दुकानात पार्सल टाकतानाच ॲपवर 'पोचलं' अशी नोंद करतो. परत करायची सात किंवा दहा दिवसांची मुदत त्या क्षणापासून मोजली जाते. पार्सल रॅकवर पाच दिवस पडून राहिलं आणि सहाव्या दिवशी उघडल्यावर पंपाचा भाग चुकीचा निघाला, तर सात दिवसांच्या मुदतीतला हाती एखादाच दिवस उरतो. म्हणून करार करताना 'पॉइंटवर आलं' आणि 'गिऱ्हाइकाला दिलं' या दोन नोंदी वेगळ्या होतात का ते विचारा. कंपनीची तशी सोय नसेल तर निरोपातच परतीची शेवटची तारीख लिहा.

पार्सल उघडताना गिऱ्हाइकाने लेबलपासून सुरू करून न थांबवता व्हिडिओ काढावा. दुकानातच उघडलं तर उत्तम. परतीचं पार्सल घेताना दुकानदाराने आतली वस्तू, तिचा अनुक्रमांक आणि बंद केलेलं खोकं असे तीन फोटो काढावेत, वजन करून रजिस्टरात लिहावं आणि गाडीवाल्याने स्कॅन केल्याचा निरोप गिऱ्हाइकाला दाखवावा. पैसे परत आले नाहीत तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दुकान लग्नासाठी किंवा जत्रेसाठी दोन दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर आठवडाभर आधी कंपनीला कळवून पार्सलं थांबवा, रॅक रिकामा करा, आणि किल्ली कोणाकडे आहे ते फळ्यावर लिहा.